आईचीच सही लागते

देवगाव फाटा,
दि. २ मार्च २०२५

राजेश्री,

वर 'चि. सौ.' लिहायला हात गेला अन् तसाच थांबला. हरिओम गेल्यापासून ते दोन शब्द तुझ्या नावाआधी लावता येत नाहीत, अन् दुसरं काय लावायचं ते मला कुणी शिकवलं नाही. तू दुसरं घर केलं असशील तर तेही मला माहीत नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं.

साडेपाच वर्षांनी सासऱ्याचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. काम आहे म्हणून लिहायलोय. तुझा नंबर माझ्याकडं नाही. असता तरी फोन केला नसता, फोनवर समोरच्याचं ऐकावं लागतं. हे पत्र चुडाव्याला तुझ्या भावाच्या, परमेश्वरच्या पत्त्यावर टाकतोय. तू सध्या कुठं असतीस ते तो मला सांगणार नाही. त्यानं पोचतं केलं तर केलं.

मसला असा आहे. निकिता आता सातवी पास होईल अन् गावातली शाळा सातवीपर्यंतच आहे. पोरीचं डोकं काही वेगळंच निघालं. फाट्यावर माझ्याजवळ बसली की येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबरला कशाकशानं भाग जातो ते तोंडानं सांगती. परवा ४७८७ नंबरची गाडी आली तर टाळ्या पिटून म्हणाली, "आबा, हिला कुणीच कापू शकत न्हाई!" तिच्या वर्गाच्या रेणुका मॅडम म्हणतात, वीस वर्षांत अशी पोरगी बघितली नाही, हिला चांगल्या निवासी शाळेत घाला, नाहीतर इथं वाया जाईल.

दोन शाळा समोर आहेत. नावं लिहीत नाही, पत्र कोण फोडून वाचेल सांगता येत नाही. एक परभणीजवळची, मोठमोठे फ्लेक्स लावणारी. तिला मी फ्लेक्सवाली म्हणतो. दुसरी जिंतूरची, फक्त मुलींची, जेवणाचा हॉल पत्र्याचा. ती पत्र्याची. दोन्हीकडं एकच अट. बाप हयात नसेल तर आईची दस्तखत पाहिजे. मी म्हणलं, बाबा रे, मी आजोबा आहे, सगळं मीच केलंय. तर क्लार्क म्हणतो, "आई जिवंत आहे ना? मग आईचीच सही लागते."

सोबत संमतीपत्र माझ्या हातानं लिहून पाठवलंय. शाळेच्या नावाची जागा मोकळी सोडली आहे. तुला जी योग्य वाटती तिचं नाव तू भर. तुझ्या मनात काय आहे ते मला तेवढ्यावरून कळेल.

निकिताला यातलं काही सांगितलेलं नाही. भेट, फोन, असलं काही यात नाही. दस्तखत कर अन् पाठवून दे.

आबासाहेब


दि. १६ मार्च २०२५

राजेश्री,

चौदा दिवस झाले. उत्तर नाही. परमेश्वरनं पत्र दाबलं, की तू दाबलंस?

तुझी वाट बघत बसायला मला वेळ नाही. काल निकिताला घेऊन फ्लेक्सवालीला जाऊन आलो. त्यांनीच पालकांना बोलावलं होतं. दारात गुलाबाचं फूल, कपाळाला गंध, आत गार खोलीत बसवून मसाला दूध. संचालक कोट घालून आला अन् माझ्या पायाच पडला. म्हणाला, "आबासाहेब, तुमच्या नातीसाठी एक रुपया फी नाही. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं आमच्याकडं."

तुला माहीत आहे, माझं सगळं आयुष्य एस.टी.त तिकीट तपासण्यात गेलं. फुकट हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. मी विचारलं, "मग तुम्हाला काय पाहिजे?" तो हसला. शेवटी कळलं. पोरीचा मूळ दाखला, म्हणजे टी.सी., पाच वर्षं त्यांच्या कपाटात. मधे काढायचं म्हणलं तर पाचही वर्षांची फी भरा अन् मग दाखला घेऊन जा. म्हणजे पोरीला दावं बांधायचं अन् खुंटा त्यांच्या अंगणात.

पोरी झोपतात ती खोली दाखवा म्हणलं. एक खोली दाखवली, लय चकाचक. पण चादरीवर दुकानातल्या घड्या तशाच होत्या. एकावर एक तीन पलंग. न्हाणीघराला कुलूप, चावी म्हणे मावशीकडं अन् मावशी म्हणे बाजारात. जेवायला बसलेल्या पोरींना विचारलं, "भाजी कशी असती गं?" एकेक पोरगी उत्तर द्यायच्या आधी सरांच्या तोंडाकडं बघायची. तिकीट नसलेला माणूस असाच शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघतो.

अन् इकडं निकिता तिथली प्रयोगशाळा बघून पार खुळी झालीय. घरी येईपर्यंत "आबा, लॅब भारी हाय, आबा, कॉम्प्युटर बघितले का" हाच घोषा. रेणुका मॅडमला सांगितलं तर त्या जिंतूरच्या पत्र्याच्या शाळेचंच घोडं पुढं दामटतात. दर आठ दिवसाला तीच शाळा. यांना तिथून काही मिळतं का, याचा मी छडा लावणार आहे. कुणी उगाच कुणाचं भलं करत नाही.

तुला पोरगी टाकून गेल्याला साडेपाच वर्षं झाली. निदान एक दस्तखत तरी कर.

आबासाहेब


दि. २५ मार्च २०२५

राजेश्री,

आता कळलं तू गप्प का होतीस!

आज सकाळी फाट्यावर चहाला गेलो तर सगळे माझ्याकडं बघून हसायलेत. दत्तराव तर येऊन हातच मिळवायला लागला, म्हणे पेढे कधी? वर बघतो तर काय. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सशेजारी आपली निकिता! माणसाएवढं तोंड. खाली लिहिलंय, 'गुणवंत विद्यार्थिनी कु. निकिता हिचे आमच्या परिवारात हार्दिक स्वागत.' कसला परिवार? अजून प्रवेश नाही, दाखला नाही, काही नाही!

तो फोटो मी ओळखला. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, गळ्यात काळा दोरा. हा फोटो शाळेत अन् घरात, एवढ्या दोनच ठिकाणी आहे. मी दिला नाही. तुझी सासू सुमन देणार नाही. मग तुझ्याकडं कुणी पोचवला? रेणुका मॅडमनी? अन् तू तो फ्लेक्सवाल्यांना देऊन वर माझ्या पत्राचं उत्तर द्यायचं नाही, असा डाव ठरला होता का? मला न विचारता पोरगी परस्पर त्यांच्याकडं टाकायची, अन् तू आई म्हणून दर आठवड्याला जाऊन बसायचं?

सुमन म्हणती, "तुमाला सगळीकडं चोरच दिसतेत. एकदा त्या फॉर्मकडं तरी बघा." कुठला फॉर्म ते काही सांगत नाही. तिचंही मला आताशा काही खरं वाटत नाही. परवा मी घरात शिरलो अन् तिनं रेणुका मॅडमशी चाललेलं बोलणं अर्ध्यात तोडलं.

खुलासा कर.

आबासाहेब


दि. ३ एप्रिल २०२५

राजेश्री,

आधीच्या पत्रातलं फोटोचं बोलणं परत घेतो. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

जानेवारीत त्या फ्लेक्सवाल्यांनी गावच्या शाळेत कसलीशी प्रज्ञाशोध परीक्षा घेतली होती. फॉर्मवर पालकाची सही लागत होती, ती मी केली. फोटोही मीच डिंकानं चिकटवला, वाकडा झाला म्हणून काढून परत चिकटवला. परवा रेणुका मॅडमनी त्या फॉर्मची झेरॉक्स माझ्यापुढं ठेवली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलंय, निकाल व छायाचित्र प्रसिद्ध करण्यास पालकांची संमती आहे. खाली माझी दस्तखत, फर्राटेदार, तारखेसकट. जन्मभर लोकांची तिकिटं उलटी करून बघितली अन् स्वतःच्या हातातला कागद उलटा केला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फ्लेक्स मी अन् दत्तरावनं शिडी लावून उतरवला. आता तो त्याच्या गोठ्यावर आहे, छापील बाजू आत. म्हशी बघत बसतात.

तुझं पाकीट परवा मिळालं. मी ते आधी उन्हात धरून बघितलं. आत फक्त संमतीपत्र. दस्तखत तुझीच आहे, हरिओमच्या बँकेच्या कागदावरच्या सहीशी ताडून बघितली. पण शाळेच्या नावाची जागा तू तशीच मोकळी ठेवलीस. का? कोऱ्या कागदावर सही करणारा माणूस एकतर येडा असतो नाहीतर लय पोचलेला. तू येडी नाहीस. मी ती जागा मुद्दाम सोडली होती, तू काय भरतीस ते बघायला. आता तू मलाच तपासायला लागलीस का?

अन् मागं पेन्सिलीनं दोन ओळी. 'हिला वरचा पलंग देऊ नका. झोपेत उठून चालायची.'

ते मी चार वेळा वाचलं. अजून चालती. महिन्यातून एकदा तरी. सुमन तिच्या वेणीची रिबिन स्वतःच्या बोटाला बांधून झोपती. तुला हे लक्षात आहे याचा मला राग आला, हे खरं सांगतो. फ्लेक्सवालीकडचे तीनमजली पलंग आठवले अन् त्या शाळेवर त्याच वेळी काट मारली.

राहिली पत्र्याची. तीही मी माझ्या पद्धतीनं तपासणार. निकिताला एवढंच माहीत आहे की आई सोडून गेली. ते तसंच राहू दे, उगाच पोरीच्या डोक्याला घोर नको.

आबासाहेब


दि. १२ एप्रिल २०२५

वा! राजेश्रीबाई, वा!

हे पत्र चुडाव्याला टाकत नाही. आता खरा पत्ता मला कळलाय.

काल जिंतूरला गेलो. कुणाला सांगितलं नाही, सुमनला म्हणलं सेलूला दातांच्या डॉक्टरकडं जातो. गाडी कधी स्टँडवर तपासायची नसती, तिथं सगळे सावध असतात. मधल्याच थांब्यावर चढायचं अन् आधी डोकी मोजायची. तसंच ऐन जेवणाच्या वेळी, साडेबाराला फाटकात उभा राहिलो.

पहारेकऱ्यानं अडवलं. रंगनाथ नाव त्याचं. म्हणाला, "काका, जेवणाच्या टायमाला गडीमाणूस आत न्हाई. कलेक्टर आला तरी न्हाई. वहीत नाव लिहा अन् बसा बाकड्यावर." मला बरं वाटलं. वहीत नाव लिहिलं अन् बसलो. तिथून जाळीतून पत्र्याचा हॉल दिसतो. एकसष्ट पोरी मोजल्या. चपला बाहेर, ओळीत. पोरी हसत होत्या अन् हसायच्या आधी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हत्या. पाठमोरी एक बाई वाढत होती. पोरींना वाढायच्या आधी तिनं वाटीत वरण घेऊन स्वतः चाखलं, मीठ टाकलं, परत चाखलं. एक पोरगी ताट अर्धं टाकून उठायला लागली तर तिला खांद्याला धरून खाली बसवलं, स्वतः शेजारी बसली अन् तिच्याशी काहीतरी बोलत राहिली. पोरीनं पोळी संपवली. मी मनात म्हणलं, ही बाई कामाची आहे. इथं पोरगी ठेवायला हरकत नाही. मनात ठरवूनच टाकलं होतं मी!

मग ती बाई वळली.

रंगनाथ म्हणाला, "राजेश्रीताई हायेत. तीन वर्षं झाली, वसतिगृह सगळं त्याच बघतेत."

मी तसाच उठून स्टँडवर आलो. पाणीसुद्धा पिलो नाही. म्हणजे हा सगळा कट होता तर! रेणुका मॅडम दर आठ दिवसाला ही शाळा पुढं करतात ते यासाठी. सुमन बोलणं अर्ध्यात तोडती ते यासाठी. आणि तू कोऱ्या कागदावर सही केलीस तीही यासाठीच, की म्हातारा स्वतःच्या हातानं पोरगी आणून देईल! तीन बायांनी मिळून मला उल्लू बनवलं.

पण एक गोष्ट माझ्या हिशोबात बसत नाही. तुला शाळेचं नाव भरायला मी सांगितलं होतं. तू हीच शाळा भरली असतीस तर मला संशयसुद्धा आला नसता. मग का भरलं नाहीस?

उत्तर नको. मी निकिताला तिथं घालणार नाही.

आबासाहेब


दि. २२ एप्रिल २०२५

राजेश्री,

त्या दिवशी घरी येऊन मी अंगणातच सुमनवर ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. निकिता आत होती हे डोक्यात राहिलं नाही. तिनं सगळं ऐकलं, तू कुठं आहेस, काय करतीस, सगळं. तोवर तिला खरंच काही माहीत नव्हतं. सुमननं अन् मॅडमनी तिला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

ती बाहेर आली अन् म्हणाली, "आबा, मी तिथं जाणार न्हाई. जिनं मला टाकलं तिच्या हातचं वरण मी कशाला खाऊ? मी आठवीला सेलूला जाऊन येऊन शिकीन, न्हाईतर शिकणारच न्हाई."

खरं सांगतो, आधी मला आनंद झाला. पोरगी माझीच राहिली, कुठं जात नाही, असं वाटलं. आत जाऊन जेवलो, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सुमन ताटापुढं बसून होती. म्हणाली, "जेवा पोटभर. पोरीचं डोकं मातीत गेलं तरी चालंल, तुमी जिंकले. आता तिला सांगा आई कशी गेली ती. मी सांगणार न्हाई. तुमी केलं, तुमीच सांगा."

चार दिवस मी टाळलं. निकितानं वही उघडली नाही. फाट्यावर माझ्यासंगं येऊन बसायची पण गाड्यांचे नंबर वाचायची नाही, नुसती रस्त्याकडं बघायची. मी मुद्दाम म्हणलं, "ती बघ २३१७ आली." म्हणाली, "असू द्या." ते मला सोसलं नाही.

पाचव्या दिवशी मी तिला सांगितलं. तिला काय सांगितलं ते तुला लिहितो, म्हणजे पुढं तुझ्या-माझ्या सांगण्यात फरक पडायला नको.

सांगितलं, की तुझा बाप गेल्यावर आठ महिन्यांनी तुझी आई परभणीला कोर्सला जायला लागली. तिला फोन यायचे. मला शक आला. मी चारचौघांत तिला नको ते बोललो. फोन कोर्सच्या सरांचे होते हे मला पुढं कळलं, पण मी ते कुणाला सांगितलं नाही. ती तुला घेऊन चुडाव्याला माहेरी गेली. टाकून गेली नव्हती, घेऊन गेली होती. पंधरा दिवसांनी मी चुडाव्याच्या शाळेत गेलो. बाईंना सांगितलं, पोरीची आजी दवाखान्यात आहे, शेवटची भेट आहे. आजी घरी ज्वारी निवडत होती. तुला स्टेशनवर नेलं, बिस्किटाचा पुडा दिला अन् गाडीत बसवलं. परत पाठवलं नाही, अन् आईनंच तुला टाकलं असं सांगत राहिलो.

निकितानं रडायला पाहिजे होतं. रडली नाही. गणित विचारल्यासारखं विचारलं, "आई किती वेळा आली?"

"दोनदा."

"आबा, खरं सांगा."

"चारदा. एकदा सकाळपासून शेवटच्या गाडीपर्यंत समोरच्या लिंबाखाली उभी होती. त्या दिवशी मी तुला आजीसंगं सेलूला पाठवलं होतं."

"पत्रं?"

"अकरा. घेण्यास नकार असं लिहून परत पाठवली. मग लॉकडाऊन लागलं. कुणी येऊ शकत नव्हतं, मला ते बरंच वाटलं."

ती उठून आत गेली. त्याला आज सहा दिवस झाले. पाण्याचा तांब्या आणून ठेवती, ताट वाढती, पण तोंडातून शब्द नाही.

राजेश्री, माझा शक खोटा होता. लेक गेल्यावर त्याची पोरगी तरी आपल्याजवळ राहावी, एवढंच मला दिसत होतं. हे कारण आहे, माफी नाही. माफी मागतो ती वेगळी. माझं चुकलं. तुझं मी लय मोठं नुकसान केलं अन् ते भरून देता येणार नाही.

पोरीनं तुझ्याकडं जावं की नाही हे मी तिला सांगणार नाही. माझ्या सांगण्याला आता किंमत नाही.

आबासाहेब


दि. १० जून २०२५

राजेश्री,

मधे पत्र लिहिलं नाही, लिहिण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी रेणुका मॅडम निकिताला जिंतूरला प्रवेशाच्या पेपरला घेऊन गेल्या. मी 'जा' म्हणलं नाही, अन् 'नको जाऊस'ही म्हणलं नाही. मॅडम सांगत होत्या, तू तिथंच होतीस पण पेपर होईपर्यंत समोर आली नाहीस, स्वयंपाकघरात बसून राहिलीस. जुन्या खोडीप्रमाणं आधी वाटलं, ही पण एक चाल. मग रात्रभर विचार केला. पोरीला पेपर नीट देता यावा म्हणून तू आत बसलीस. मला हे समजायला एक रात्र लागली, दुसऱ्या कुणाला एक मिनिट लागलं नसतं.

पेपरानंतर तिथल्या गणिताच्या नीलम मॅडमनी तिला एक गणित घातलं म्हणे. ते तिला आलं नाही. आजपर्यंत तिला न आलेलं गणित मी बघितलं नव्हतं. मला वाटलं, पोरगी खचली. तर ती घरी आल्यापासून तेच घेऊन बसली, जेवताना, केस विंचरताना, अंगणात काडीनं मातीवर. नऊ दिवसांनी एकदम ओरडली, "सुटलं!" अन् धावत माझ्याकडं आली. मग आठवलं असेल की आबाशी बोलायचं नाही, तशीच उभी राहिली. मी म्हणलं, "कसं सुटलं ते सांग की." तिनं सांगितलं. मला एक अक्षर कळलं नाही, पण मी दोनदा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी संमतीपत्र घेऊन आली. "आबा, पेन द्या." शाळेचं नाव तिनं स्वतःच्या हातानं भरलं. म्हणाली, "मी नीलम मॅडमसाठी चाललेय. आईचं मला अजून ठरवता येत न्हाई." तुला वाईट वाटेल, पण ती म्हणाली तेच लिहितो, यापुढं तुझ्यापाशी मला काही झाकायचं नाही. ती तुझ्याशी कशी वागेल मला सांगता येत नाही. कदाचित वरण बाजूला सारेल. तू चाखून, मीठ बघून वाढत राहा.

शाळेकडून भेटकार्ड आलं. त्यावर दोनच नावं अन् दोन फोटो. ज्याचं नाव कार्डावर नाही त्याला, कुणी का असेना, पोरीला भेटता येत नाही. पहिल्या ओळीत मी तुझं नाव लिहिलं, नातं आई. तू तिथंच असतीस, तुला कार्डाची गरज नाही असं क्लार्क म्हणाला. तरी लिहिलं. दुसऱ्या ओळीसाठी मी सेलूला जाऊन फोटो काढून आणला होता, दाढी करून, टोपी घालून. निकिताला विचारलं, "दुसरं कुणाचं लिहू?"

तिनं कार्ड उलटं करून मागची बाजू वाचली. मग म्हणाली, "आजीचं."

मी आजीचं लिहिलं. अक्षर चांगलं आलंय.

सोमवारी, सोळा तारखेला, सकाळच्या गाडीनं आम्ही निघू. दहापर्यंत पोचतो. ट्रंक जड आहे, पुस्तकंच लय भरली आहेत, सुमनला ती उचलायची नाही. तुला फाटकापर्यंत यावं लागेल. मला आत सोडणार नाहीत.

आबासाहेब